परत आली नाही म्हणजे बरी असेल

सुट्टीचा दिवस होता, म्हणून दादाकडे सगळे एकत्र जेवायला बसले होते. सगळे म्हणजे आत्या सोडून. आत्या वाढत होती. ती नेहमीच वाढत असे. तिला पानावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांची जेवणं उरकली की ओट्याशी उभ्याउभ्या ती कधीतरी चार घास खाऊन घेई. तू मागून जेव, असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि तू आमच्याबरोबर बस, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा वारला आणि ती भावाच्या घरी राहायला आली. भावाची दोन मुलं तिनंच वाढवली. पुढे भाऊ गेला, भावजय गेली, थोरल्या भाच्यानं, म्हणजे दादानं, नवं घर घेतलं, तेव्हा जुन्या कपाटाबरोबर आत्याही त्या घरात आली. कपाट पुढच्या खोलीत ठेवलं, आत्याला मागची मिळाली. दादा काही वाईट माणूस नव्हता. वहिनीही नव्हती. आत्याला कुणी टाकून बोललं असतं तर दोघांनी त्याला फैलावर घेतलं असतं. फक्त, आत्या त्यांना दिसत नसे. रोज हाताशी असलेली वस्तू कुठे दिसते माणसाला?

दादाची धाकटी बहीण त्या दिवशी आली होती. बाहेर तिला मोठं नाव होतं, घरात ती बयो होती. मशीन लर्निंगमध्ये पीएचडी करून, विद्यापीठात काही वर्षं काढून ती आता एका कंपनीत मुख्य संशोधक झाली होती. दादाला तिचा अभिमान होता आणि तो चेष्टेतून दाखवी.

"ही आमची डॉक्टर," तो आल्यागेल्याला सांगे. "पण ताप आला तर हिच्याकडे जाऊ नका. ही फक्त मशीनची नाडी बघते."

जेवण निम्म्यावर आलं असताना घरातला फोन वाजला. वहिनीनं डाव्या हातानं उचलला आणि हसून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. रुग्णालयातून बोलतेय," फोनमधून आत्याचा आवाज आला. "आज कसं वाटतंय? अंगात कुठं काही त्रास होतोय का? न लाजता सांगा."

आत्या हातात पळी घेऊन दारात उभी राहिली. "अगं बाई! काय गोड बोलते मी! घरात कधी बोलते का अशी?"

सगळे खो खो हसले. वहिनी म्हणाली, "आत्या, विचारताय तुम्हीच, मग तुम्हालाच सांगते. गुडघा दुखतोय हो माझा." फोननं ते ऐकून घेतलं, आणखी दोन प्रश्न विचारले आणि वहिनीला पुढच्याच आठवड्यातली वेळ देऊन टाकली.

हे सगळं बयोचं काम होतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवलेल्यांची तपासणीसाठी रांग लागे. कुणाला आधी बोलवायचं आणि कुणाला नंतर, हे तिनं संगणकाला शिकवून तयार केलेलं मॉडेल ठरवी, आणि बोलावणं आत्याच्या आवाजात जाई. आवाजाची गोष्ट जुनी होती. पीएचडीच्या दिवसांत कलाकार आणून आवाज मुद्रित करणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून बयोनं मागच्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावून आत्याला माईकपुढे बसवलं होतं. रोज दुपारी ओटा आवरला की आत्या पदरानं तोंड पुसून कागदावरची वाक्यं वाची. 'न लाजता सांगा' हे कागदावर नव्हतं. ते तिनं आपल्या पदरचं घातलं होतं.

"कुणी ऐकणार आहे का गं हे?" तिनं विचारलं होतं.

"सगळे ऐकतील, आत्या."

"माझं?" असं म्हणून ती इतकी हसली की ते वाक्य पुन्हा मुद्रित करावं लागलं.

पानं उचलताना आत्या बयोच्या जवळ आली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "मला नाही गं आला अजून फोन."

महिन्यापूर्वी बयोच तिला त्या रुग्णालयात घेऊन गेली होती. जिना चढताना आत्याला दम लागत होता, मध्येच थांबून ती कठड्याला धरून काहीतरी बघितल्याचं सोंग करी. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, हृदयाची तपासणी करून घेऊ, तारीख फोनवर कळेल. तेव्हापासून फोन वाजला की आत्या हात पुसत यायची.

बयोनं तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सुजले होते. स्वतःच्या चपला होईनात म्हणून ती दादाच्या जुन्या सपाता घालून वावरत होती.

"येईल गं," बयो म्हणाली. "तिथं वशिला चालत नाही. ज्याला गरज जास्त, त्याला आधी. मशीननं तुला अजून बोलावलं नाही, म्हणजे काळजीसारखं काही नाही."

"मग झालं तर," आत्या म्हणाली. "तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार. आणि तसं मला काही नाहीच."

बयोला ते ऐकून बरं वाटलं. दुसरा कुणी असता तर त्यानं आत्याचा हात धरून तिला सरळ डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं असतं. पण बयोनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या सुजलेल्या पायांपेक्षा आपल्या मॉडेलवर जास्त विश्वास ठेवला. शिकलेल्या माणसाची ही खास चूक आहे. अडाणी माणूस अशी चूक करूच शकत नाही, कारण त्याच्याजवळ डोळ्यांशिवाय दुसरं काही नसतं.

पुढच्याच आठवड्यात, भरदुपारी, आत्या गेली. वहिनी गुडघा दाखवायला त्याच रुग्णालयात गेली होती. परत आली तेव्हा मागच्या खोलीत आत्या भिंतीला टेकून बसलेली होती, डोळे मिटलेले, मांडीवर घरातला फोन. वहिनीनं आधी तिला चहा टाकायला सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं.

तिला पोचवून सगळे घरी आले. घर होतं तसंच होतं, फक्त कुठली वस्तू कुठे आहे हे कुणालाच सापडेना.

आणि एका सकाळी फोन वाजला.

"नमस्कार. रुग्णालयातून बोलतेय. आज कसं वाटतंय?"

वहिनीच्या हातून कप पडला. फोनमधली आत्या थोडी थांबली आणि तिनं त्याच मायेनं पुन्हा विचारलं, "अंगात कुठं काही त्रास होतोय का? न लाजता सांगा."

"बरा आहे हो माझा गुडघा, आत्या," वहिनी म्हणाली आणि खाली बसून ओक्साबोक्शी रडली. त्या दिवसापासून दादानं फोन कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला. तिथूनही तो वाजे. घडीखालून आत्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत, फक्त सूर यायचा, आणि दोघं आपापल्या जागी श्वास धरून बसत.

"तो आवाज बंद कर गं, बयो," दादानं हात जोडल्यासारखं केलं. "तुझ्या हातात आहे ना?"

तिच्या हातात होतं. एक बटण दाबलं असतं तर उद्यापासून दुसरी कुणी बाई बोलली असती. पण तिचा हात उठेना. बयोचं रोजचं कामच मुळी आवाज ऐकण्याचं होतं. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, संभाषणं नीट होतात की नाही हे ती तपासत असे. आता दिवसभर आत्या तिच्या कानात लोकांची विचारपूस करत होती. कुणाचं पोट, कुणाची पाठ, कुणाची झोप. एक म्हातारे गृहस्थ सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं कुणी विचारत नाही बघा." आत्या म्हणाली, "काळजी घ्या."

बयोनं हेडफोन काढला. सगळ्या शहराला जिनं विचारलं, तिला कुणी विचारलं होतं? आणि तिला का बोलावलं गेलं नाही?

हा प्रश्न इतके दिवस तिनं स्वतःला विचारला नव्हता, कारण उत्तराची तिला भीती वाटत होती. त्या दुपारी तिनं तो मॉडेलला विचारला. आत्याची माहिती शोधून काढली. मॉडेल दर काही आठवड्यांनी नव्या माहितीवरून पुन्हा शिकत असे, आणि जी माणसं बरी झाली त्यांच्याकडून काय शिकायचं ते शिकून घेत असे.

आत्या बऱ्या झालेल्यांत होती.

बयोनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. चूक कुठे आहे हे शोधायची तिला गरजच नव्हती. तो नियम तिनंच केला होता. पीएचडीच्या वेळी प्रश्न असा पडला होता की गरज मोजायची कशी? तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "गरज मोजता येत नाही. येणं मोजता येतं. जो रुग्णालयात परत आला, त्याला गरज होती. जो परत आला नाही, तो बरा झाला असं धरू." किती सोपं, किती नेटकं! त्या पेपरला बक्षीस मिळालं. सरांना कंपनीनं बोलावलं, सरांनी तिला बोलावलं, आणि तो नियमही त्यांच्याबरोबर विद्यापीठातून कंपनीत आणि कंपनीतून रुग्णालयात आला.

आत्या घरीच वारली होती. रुग्णालयाला ते कुणी कळवलं नव्हतं. ती परत आली नव्हती, म्हणजे ती बरी होती.

बयोनं आत्याची सगळी माहिती तशीच ठेवली. वय, दम, पायांची सूज, रक्तदाब, सगळं. फक्त एक गोष्ट बदलली. फोन दादाच्या नावावर होता, आणि रुग्ण त्याची कोण लागते, या जागी 'आत्या' होतं. तिथं तिनं 'आई' लिहिलं. मॉडेलनं तत्काळ निकाल दिला: दोन दिवसांत बोलवा.

मग तिनं 'आत्या' पुन्हा लिहिलं. थांबू शकते. 'थोरली भावजय' लिहिलं. थांबू शकते. 'विधवा बहीण' असा शब्द तर मॉडेलला कुणी शिकवलाही नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती. वर्षानुवर्षं घराघरांतून आई परत आणली गेली, बायको कधी आणली गेली, कधी नाही, आणि दुसऱ्याच्या घरात मागच्या खोलीत राहणाऱ्या बायका एकदा येऊन गेल्या त्या परत आणल्याच गेल्या नाहीत. मॉडेलनं ते पाहिलं, आणि एखादं शहाणं मूल मोठ्यांचं बघून शिकतं तसं ते शिकलं. ह्या बायका पटकन बऱ्या होतात.

किती जणी असतील? बयोनं मोजायला घेतलं आणि मध्येच थांबली. कानात हेडफोन नव्हता, तरी तिला ऐकू येत होतं, न लाजता सांगा, न लाजता सांगा.

संध्याकाळी तिनं दादाला सगळं सांगितलं. दादाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुझ्या मशीननं मारलं आत्याला?"

"माझ्या मशीननं आपलं बघितलं, दादा. आपलं आणि आपल्यासारख्या सगळ्यांचं. आणि जसं दिसलं तसं केलं. तिचे पाय सुजले होते. मला दिसले होते. तुला दिसले होते?"

वहिनी हळूच म्हणाली, "मला वाटायचं, सपाता मऊ म्हणून घालतात." मग ती उठली, कपाट उघडलं आणि कपड्यांच्या घडीखालून फोन काढून पुन्हा त्याच्या जागेवर आणून ठेवला. दादानं तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयो सरांच्या घरी गेली. ते घर तिला आपल्या घरासारखंच ठाऊक होतं. पुस्तकांनी भरलेली बैठकीची खोली, कागदांच्या ढिगातून वाट काढून बसायच्या दोन खुर्च्या, फळ्यावर कधीच न पुसलेली समीकरणं. याच खोलीत तो पेपर लिहिला गेला होता. सरांनी तिचं स्वागत आनंदानं केलं. आणखी कितीतरी रुग्णालयांत मॉडेल बसवायचं ठरलं होतं, मुख्य संशोधक म्हणून बयोची संमती तेवढी राहिली होती, आणि पुढच्या आठवड्यात मोठ्या परिषदेत तिचंच भाषण होतं.

"वहिनी, चहा!" सरांनी आत आपल्या वहिनींना हाक मारली आणि ते बसले. "बोल."

ती बोलली. सरांनी शांतपणे ऐकलं. तसे ते भले गृहस्थ होते. विद्यार्थ्यांच्या फिया त्यांनी भरल्या होत्या, विद्यार्थिनींसाठी विद्यापीठाशी भांडले होते.

"तुझ्या घरी दुःख झालंय," ते म्हणाले. "मला खरंच वाईट वाटलं. पण एका घरावरून मॉडेल जोखायचं नसतं. अचूकता बघ त्याची."

"अचूकच आहे, सर. घरात जे चालतं ते मॉडेल अचूक ओळखतं. ज्यांना कुणी परत आणणार नाही, त्यांना ते बोलवत नाही."

"मग दोष जगाचा आहे. मॉडेल फक्त आरसा दाखवतं."

"आरसा कुणाला रांगेत मागे उभं करत नाही, सर. आपण करतो. लोक निदान विसरतात तरी, चुकून कधी आठवण होते, एखादा भाचा एखाद्या दिवशी म्हणतो, चल आत्या, तुला दाखवून आणतो. आपण ती चुकूनची आठवणसुद्धा काढून टाकली."

सर खुर्चीतून उठले आणि खडू उचलून फळ्याशी जाऊन उभे राहिले. "दुरुस्ती करू. सावकाश करू. पण आत्ता थांबवलंस तर कंपनी तुला ठेवणार नाही. आणि परिषदेत आपल्याच पेपरवर शिंतोडे उडवलेस, तर विद्यापीठही दार उघडणार नाही. इतकी वर्षं घातलीस, बयो. नीट विचार कर."

त्यांनी तिला बयो म्हटलं होतं. आजवर कधी म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. या माणसानं तिला घडवलं होतं. याच्यासमोर बसून नाही म्हणणं तिला कंपनीसमोर नाही म्हणण्यापेक्षा कठीण होतं.

"माझी संमती मिळणार नाही, सर," ती म्हणाली. "परिषदेत मी उभी राहीन, ती हेच सांगायला. आपण मेलेल्या बायकांना बरं झालेलं धरलं, असं सांगायला. आणि दुरुस्ती होईपर्यंत बोलावण्याचा फोन मी स्वतः करीन. मागच्या खोल्यांतल्या एकेकीला."

"मग मशीनचा आवाज तरी बदल," सर थकून म्हणाले. "तो ऐकत कसं काम करशील तू?"

"जिला जन्मभर गप्प राहावं लागलं, तिला मीच पुन्हा गप्प करू?"

तेवढ्यात आतून चहा आला. सरांच्या थोरल्या भावाची बायको चहाचा ट्रे घेऊन आली. भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पीएचडीच्या काळात याच हातचा चहा बयो रोज प्यायली होती. या घरातली समीकरणं तिला पाठ होती, पण या बाईशी ती चहा छान झालाय याच्यापुढे एक वाक्य बोललेली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ट्रे ठेवून त्या जायला वळल्या आणि एका पुस्तकांच्या ढिगाला हात टेकून क्षणभर थांबल्या. एखादं नाव वाचत असल्यासारख्या.

बयोची नजर खाली गेली. त्यांच्या पायांत पुरुषी सपाता होत्या, सरांच्याच, जुन्या.

"आज कसं वाटतंय?" बयोनं विचारलं. शब्द तिच्या तोंडून आले, पण सूर तिचा नव्हता. "अंगात कुठं काही त्रास होतोय का?"

वहिनींनी मागे वळून पाहिलं. ही मुलगी कुणाशी बोलतेय ते बघायला त्यांनी आपल्या पाठीमागे, दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं. सर त्यांच्या पायांकडे बघत होते. त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला होता. वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकल्या, उठायचंच आहे अशा बेतानं. त्या खोलीत त्यांना बसलेलं बयोनं पहिल्यांदाच पाहिलं.

"छे हो," त्या हसल्या. "तसं मला काही नाही."

हे उत्तर बयोनं एकदा खरं मानलं होतं. तिनं आपला कप खाली ठेवला, खुर्ची ओढून त्यांच्या अगदी पुढ्यात घेतली आणि त्यांचा हात हातात धरला.

"न लाजता सांगा," ती म्हणाली. "मी बसलेय."